शेपट्यांची मोजणी

दोन कपाटं होती, सख्ख्या जावांसारखी एकमेकींना खेटून उभी. उंची सारखी, रंग सारखा, पोटातली ऊबही सारखी: सदतीस अंश, त्यात केसाचाही फरक नाही. एकीला सगळे डावी म्हणायचे, दुसरीला उजवी. दोघींच्या पोटात झाकणाच्या बशा, बशांत फिकं गुलाबी पाणी, आणि पाण्याच्या तळाशी माणसाच्या कातडीच्या पेशी.

धाकटी रोज सकाळी ते पाणी बदलायची आणि बदलताना गायची. गाणं तिनंच जोडलेलं:

पेशीबाई गं पेशीबाई, पाणी कोमट की गार?
कालच्या एकीच्या दोघी झाल्या, उद्या होतील चार.

"हे शोधनिबंधात कुठे घालणार आहेस?" बाईंनी एकदा विचारलं. बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. पांढरे केस, पायात कॅनव्हासचे बूट, आणि आवाज असा की जमिनीवर पडलेल्या टाचणीनंही सावरून उभं राहावं.

"पद्धती या भागात," धाकटी म्हणाली. "पेशींना अंगाई, रोज दहा मिनिटं."

तिला घरात धाकटी म्हणत. ताईनं एकदा फोनवर सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली, तेव्हापासून प्रयोगशाळेतही ती धाकटीच झाली.

प्रश्न सांगायला सोपा होता. घरातल्या तारांतून धावणारी वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे जाते आणि मागे येते, आणि तिच्याभोवती न दिसणारं एक चुंबकाचं क्षेत्र तसंच झुलत राहतं. त्या झुल्यात पेशीला दिवसेंदिवस ठेवलं, तर तिच्या आतल्या धाग्याला, ज्यावर तिचं सगळं गणगोत लिहिलेलं असतं त्या धाग्याला, काही इजा होते का? आजवर कुणाला काही दिसलं होतं, कुणाला काहीच नाही, आणि दोन्हीकडची मंडळी एकमेकांच्या पद्धतीला नाकं मुरडत होती.

म्हणून बाईंनी कपाटं मोठ्या हुशारीनं बांधून घेतली होती. दोघींच्याही आत तांब्याच्या दुपदरी तारेचं वेटोळं. एकीत दोन्ही पदरांतून वीज एकाच दिशेनं जायची, मग क्षेत्र तयार व्हायचं. दुसरीत एका पदरातून जायची आणि दुसऱ्यातून उलटी यायची, म्हणजे क्षेत्राचा हिशेब जागच्या जागी मिटायचा. तार मात्र दोन्हीकडे सारखीच तापणार, त्यामुळे ऊब जास्त झाली अशी तक्रार करायला जागा नाही. कोणती कशी चालवायची ते एक छोटी डबी दर सोमवारी आपल्या मनानं ठरवायची आणि पोटात ठेवायची. बाईंना माहीत नाही, धाकटीला माहीत नाही.

आठवडा संपला की धाकटी पेशी काचपट्टीवर पसरायची, त्यांच्यावरून थोडा वेळ वीज खेळवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. धागा धड असेल तर पेशी गोल, पौर्णिमेच्या चंद्रासारखी. धागा तुटला असेल तर त्याचे तुकडे एका बाजूला ओढले जाऊन मागे शेपूट फुटायची, धूमकेतूसारखी. शंभरात किती शेपट्या, एवढंच मोजायचं. काळोख्या खोलीत बसून हिरवे चंद्र आणि हिरवे धूमकेतू मोजायचे, आणि मोजताना अधूनमधून अडायचं: ही शेपूट म्हणायची, की नुसता पदर वाऱ्यावर उडालाय?

पाच आठवडे झाले. बाईंनी डबीच्या पोटातलं गुपित काढून कागदावर उतरवलं, धाकटीचे आकडे शेजारी ठेवले. क्षेत्र नव्हतं तिकडे शंभरात एकोणीस शेपट्या. क्षेत्र होतं तिकडे एकतीस.

"हं," बाई म्हणाल्या. बाईंचा 'हं' म्हणजे दुसऱ्या कुणाचे फटाके. "अजून तीन आठवडे कर. तोवर कुठे बोलू नकोस."

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ती त्याच संध्याकाळी बोलली.

*

ताईचं घर वीज कंपनीच्या वसाहतीत, पहिल्या मजल्यावर. भाऊजी कंपनीत तारा आणि खांब तपासायचे, म्हणून ते घर मिळालेलं. खाली ट्रान्सफॉर्मरची खोली आणि नेमका तिच्या डोक्यावर ताईचा पलंग. ताईला सहावा महिना लागला होता.

"ताई, तू हे घर सोड."

"चहा घेतेस, की आधी घरच सोडू?"

"मी चेष्टा करत नाहीये. एकतीस आणि एकोणीस. मी स्वतः मोजलेत."

भाऊजींनी वर्तमानपत्र खाली केलं. "शास्त्रज्ञबाई, मी बारा वर्षं तारांखाली हिंडतोय. मला शेपूट फुटली असती तर तुमच्या बहिणीनं एव्हाना सांगितलं असतं."

"मी अजून मागून नीट पाहिलेलं नाही," ताई म्हणाली.

हसले तिघंही. पण ताईचा हात आपोआप पोटावर गेला होता आणि तिथून हलला नाही.

शहरात दुसरं घर शोधून दोघांच्या चपला आधीच झिजल्या होत्या. कंपनीचं एकच घर रिकामं होतं, दूर डोंगरात, धरणाच्या वीजघराजवळ. रेल्वेनं आठ तास. बदली हवी असेल तर शनिवारी दुपारी बारापर्यंत अर्ज द्यायचा. बाराच्या आत नाही दिला तर ते घर दुसऱ्याला.

ताई पियानो जुळवायची. शहरातल्या शाळा, सभागृहं, कुणाकुणाची दिवाणखान्यातली हौस, असे मिळून चाळीस पियानो तिच्या भरवशावर होते. प्रत्येकाचा रुसवा तिला वेगळा माहीत.

"डोंगरात पियानो कुठून असणार?" तिनं विचारलं.

"धबधबे आहेत," भाऊजी म्हणाले.

"मग धबधबे जुळवीन."

धाकटी घरी परतली ती पाय ओढत. आईवडील गेल्यापासून दर रविवारी ती ताईकडे जेवायची. आता रविवार कुणाकडे न्यायचा? ताईला जा म्हणताना तिनं आपल्याच काळजाचं पान खुडलं होतं. पण एकतीस ते एकतीस. पोटातलं बाळ तर बोलून सांगू शकत नव्हतं.

*

बुधवारी ताई प्रयोगशाळेत आली. अर्जावर सही करण्याआधी तिला ती कपाटं एकदा बघायची होती. "ज्यांच्यामुळे माझा संसार डोंगरावर निघालाय," ती म्हणाली, "त्यांचं तोंड तरी पाहू दे."

धाकटीनं तिला स्टूल दिलं आणि आपण उजवीचं दार उघडून बशा बाहेर काढल्या. जुनं पाणी ओढून घेतलं, नवं घातलं, गाणं सुरू झालं. पेशीबाई गं पेशीबाई.

ताई मान कलती करून ऐकत राहिली. मग म्हणाली, "आज उजवी चालू आहे ना गं?"

"माहीत नाही. कुणालाच माहीत नसतं. त्यातच तर सगळी खुबी आहे."

"अगं, पण उजवीच आहे. तू तिच्यावरच तर गातेयस."

"तिच्यावर म्हणजे?"

"तिच्या सुरावर. माझ्या पलंगाखाली जो भुंगा बसलाय ना, त्याचाच हा भाऊ. पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधे लोंबकळणारा सूर. धड हा नाही, धड तो नाही. रात्रभर कानाशी असतो, मी नाही ओळखणार? आणि तू मी आल्यापासून तोच धरून बसलीयस. रविवारी हेच गाणं म्हणत होतीस तेव्हा चांगली दोन पट्ट्या वर होतीस."

धाकटीनं बशी खाली ठेवली. उजवीच्या पत्र्याला कान लावला, मग डावीच्या. पंख्याची घरघर. कोपऱ्यातल्या फ्रीजची कुरकुर. बाकी काही नाही.

"मला काही ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"तुला येत नसेल. तुझ्या गळ्याला येतं."

ताई सहज बोलून गेली आणि सोबत आणलेल्या जेवणाच्या डब्याचं झाकण काढायला लागली. धाकटी तिथेच उभी राहिली. तिच्या डोळ्यांपुढे ते हिरवे चंद्र आले, आणि ते अडलेले क्षण. शेपूट, की पदर? तेव्हा तिनं काय ठरवलं होतं? आणि ठरवलं कुणी होतं, तिनं, की तिच्या गळ्यानं?

गप्प बसता आलं असतं. भुंग्याचं काय, ताईलाच भास झाला असेल. पण हातातलं काम टाकून ती बाईंच्या खोलीकडे निघालीसुद्धा होती.

"कुठे चाललीस? जेवण?"

"ताई, तू अर्जावर सही केलीस?"

"अजून नाही."

"करू नकोस. म्हणजे, फाडूही नकोस. थांब."

*

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग उठल्या, बुटांच्या नाड्या आवळल्या आणि म्हणाल्या, "दहा वेळा."

त्यांनी धाकटीला कपाटांकडे पाठ करून खुर्चीवर बसवलं. बशा दुसरीकडे हलवल्या, डबीचा हुकूम काढून घेतला आणि मागे उभं राहून आपल्या हातानं वीज कधी अशी, कधी तशी फिरवू लागल्या. दर वेळी एक नाणं उडवायचं, पडेल तसं बटण दाबायचं.

"कोणती?"

"बाई, मला खरंच काही ऐकू येत नाहीये."

"ऐकू नकोस. तोंडाला येईल ते सांग."

"डावी."

"पुढे."

"उजवी. उजवी. डावी... काय माहीत, उजवी."

ताई डब्यातला घास हातात धरून बघत होती. दहा झाले. बाईंनी कागदावरच्या खुणा जुळवल्या, पुन्हा जुळवल्या आणि स्टुलावर बसल्या. "नऊ."

मग बाई उठून उजवीच्या पोटात हात घालून तारेचं वेटोळं दाबून आल्या. "ढिली आहे. दोन्ही पदर एका दिशेनं ओढायला लागले की थरथरते. उलटे चालले की गप्प. साधी गोष्ट. आपण तुझे डोळे बांधले आणि कान उघडे ठेवले. डबीला गुपित ठेवता येतं, म्हणून मी निर्धास्त राहिले. ही माझी चूक."

"मी खोटं मोजलं नाही, बाई."

"माहीत आहे. खोटं मोजलं असतंस तर लवकर सापडलं असतं." बाईंचा आवाज पहिल्यांदाच टाचणीला न घाबरवणारा होता. "शंभरातल्या सत्तर पेशींबद्दल वादच नसतो. उरलेल्या तीस अडतात, आणि अडलेल्या पेशीला आपण आपल्या मनातलं काहीतरी देतो. तू काय दिलंस?"

धाकटीनं ताईकडे बघितलं. "भीती," ती म्हणाली.

ताईनं घास खाली ठेवला.

"मग आता एकतीस-एकोणीस खोटं?" तिनं विचारलं.

"खरं की खोटं, तेच कळत नाही," बाई म्हणाल्या. "आणि असला आकडा मला दारातसुद्धा नको. काचपट्ट्या आहेत ना सगळ्या?"

"वाळवून ठेवल्यात. चाळीस."

"शनिवारी सकाळपर्यंत पुन्हा मोजायच्या. तू मोज, मी मोजते, वेगवेगळ्या. आणि या वेळी कुठली पट्टी कुठली, ते आपल्यापैकी कुणाच्याही कुठल्याही इंद्रियाला कळता कामा नये."

*

त्या कामाला स्टोअरचे काका सापडले. त्यांना पेशी आणि पावटे यांतला फरक ठाऊक नव्हता, म्हणूनच बाईंनी त्यांना निवडलं. काकांनी चाळीस पट्ट्यांवरच्या डावी-उजवीच्या जुन्या खुणांवर काळी चिकटपट्टी लावली, पत्ते पिसावेत तशा त्या पिसल्या, वर नवे आकडे घातले आणि यादी करून आपल्या कपाटात कुलूपबंद केली.

"आता माझा जीव गेला तरी ही यादी मिळायची नाही," त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं.

"काका, जीव सांभाळा," धाकटी म्हणाली. "शनिवारी नऊ वाजता यादी लागणार आहे."

मग ती काळोख्या खोलीत बसली. गुरुवार, शुक्रवार. बाहेर कुणी ट्रॉली ढकलत जायचं, कुणी कुणाला हाक मारायचं, दाराखालच्या फटीतून उन्हाची एक पट्टी यायची आणि सरकत सरकत निघून जायची. आत नुसते चंद्र. गोल चंद्र, ढगाळ चंद्र, आणि मधेच एखादा शेपूट सोडून पळणारा.

पहिल्या दोन-तीन पट्ट्यांना तिला फार वेळ लागला. आता भीती उलटी होती. आता तिला हवं होतं की शेपट्या नसाव्यात, ताईनं इथेच राहावं, रविवार रविवारच्या जागी राहावा. अडलेली पेशी समोर आली की तिचं मन लहान मुलासारखं हट्ट करायचं: चंद्र म्हण ना, चंद्र म्हण. पण चंद्र म्हणून फायदा कुणाचा? ही पेशी डावीतली होती की उजवीतली, झुल्यात होती की स्वस्थ निजली होती, काही पत्ता नाही. हट्ट करायचा तर कुणाच्या बाजूनं करायचा तेच कळेना. दुपारपर्यंत मन थकलं आणि कोपऱ्यात जाऊन गप्प बसलं. मग मोजणी भराभर झाली. धाकटीला वाटलं, किती दिवसांनी आपण नुसतं बघतोय.

*

शनिवारी नऊ वाजता काका यादी घेऊन हजर झाले, इस्त्रीचा शर्ट घालून. बाईंनी बेरजा केल्या. धाकटी खिडकीपाशी उभी राहून आपली नखं बघत होती.

"तुझे," बाई म्हणाल्या, "क्षेत्र होतं तिकडे चोवीस, नव्हतं तिकडे पंचवीस."

"आणि तुमचे?"

"सव्वीस आणि पंचवीस."

धाकटी मटकन खाली बसली. काकांना वाटलं काहीतरी वाईट झालं, ते पाणी आणायला धावले.

"ऐक," बाई म्हणाल्या. "काहीच होत नाही असं सिद्ध झालं, असं मला कुठे लिहिलेलं दिसता कामा नये. आपण मोजलं. या पेशींत, एवढ्या जोराच्या क्षेत्रात, एवढ्या दिवसांत फरक दिसला नाही. याच्या पुढे एक शब्द नाही. आणि निबंधात आधीची मोजणीसुद्धा घालायची, गळ्यासकट."

"गळ्यासकट?"

"पद्धती या भागात. आता पळ. बारा वाजायला फार वेळ नाही."

ती बसनं गेली आणि शेवटचे दोन चौक पळाली. ताईकडे दार उघडंच होतं. भाऊजी जमिनीवर बसून ताटल्या वर्तमानपत्रात गुंडाळत होते. टेबलावर अर्ज, त्यावर पेन आडवं ठेवलेलं. ताईचे डोळे सुजलेले.

धाकटीनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. चोवीस, पंचवीस, सव्वीस, पंचवीस. थांबून पुन्हा सांगितलं.

"म्हणजे आठवडाभर मी रडतेय," ताई हळूच म्हणाली, "ती तुझ्या भीतीपायी?"

"हो."

"आणि हे ताटल्या गुंडाळतायत ते?"

"तेही."

"तरी मी म्हणत होतो," भाऊजी म्हणाले.

"तुम्ही काही म्हणत नव्हता. तुम्ही धबधबे म्हणत होता." ताईनं डोळे पुसले. "मग तू आता सांगतेस की भीती नाही?"

धाकटीनं नकाराची मान हलवली. एवढ्यावर हो म्हणणं किती सोपं होतं. "ते मी नाही सांगू शकत. मी मोजलं, मला फरक दिसला नाही. तेही कातडीच्या पेशींत. बाळाबद्दल मी काहीच मोजलेलं नाही, ताई. गेल्या वेळी मी नसलेलं ज्ञान तुझ्या पदरात टाकलं. आता पुन्हा टाकणार नाही."

"वा. आठ दिवसांपूर्वी इतकी शहाणी असतीस तर?"

"तर तू कपाटं बघायला आलीच नसतीस."

ताईनं अर्जावरचं पेन बाजूला सारलं. मग नवऱ्याकडे वळली. "अहो, तुमच्याकडे मोजायचं यंत्र आहे ना ते? कालपासून पिशवीत घेऊन फिरताय, दाखवायचं धाडस होत नाही."

भाऊजींनी कान पकडले. पिशवीतून चुंबकाचं क्षेत्र मोजणारं हातभर लांबीचं मीटर निघालं, कंपनीतून मागून आणलेलं. पलंगाच्या उशाशी धरलं तर काटा अर्ध्याच्या वर चढला. ते एक पाऊल मागे आले, काटा उतरला. आणखी एक पाऊल. दारातून पलीकडच्या खोलीत गेले, जिथे ताईच्या पियानोच्या हातोड्या, तारा, लोकरी नमद्याचे तुकडे आणि एक आख्खी उघडी यंत्रणा पसरलेली होती. तिथल्या खिडकीपाशी काटा शून्याला टेकून डुलकी घेऊ लागला.

"सात पावलं," भाऊजी म्हणाले. त्यांना स्वतःलाच नवल वाटलं होतं.

"आठ तास नाही," धाकटी म्हणाली. "सात पावलं."

ताईनं अर्ज ओढला. "मला विचारलंत तर मला जायचंच नव्हतं. पण तुम्हा दोघांपैकी विचारलं कुणी? एक मोजत होती, एक गुंडाळत होते." तिनं अर्जावर मोठ्या अक्षरांत 'बदली नको' असं लिहिलं, खाली सही ठोकली आणि कागद भाऊजींच्या हातात दिला. "बाराच्या आत पोचवा. नाहीतर साहेब म्हणतील विचार चाललाय."

भाऊजी एका चपलेत पाय घालत, दुसरी हातात घेऊन जिन्यावरून धडधडत गेले.

ताई पलीकडच्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून पसारा बघू लागली. "हे सगळं तिकडे, पलंग इकडे. मला वाकायची मनाई आहे, म्हणजे करणार तू. हातोड्यांच्या पेट्या आधी. अठ्ठ्याऐंशी हातोड्या आहेत, एकही सांडायची नाही. आणि आकड्यांचा क्रम बदललास, तर मी कंपनीला कळवून तुलाच डोंगरात पाठवीन."

"नंबर घातलेत ना पण?"

"घातलेत."

"कुणी घातलेत?"

"मीच. डोळे उघडे ठेवून," ताई म्हणाली. "धर, जड आहे."